यादी बाजूला ठेवा, आधी ओहोटीची वेळ बघा

परवा भाचीचा मेसेज आला. "मावशी, दोन दिवस समुद्राकाठच्या शहरात चाललोय. सासूबाई-सासरेही आहेत सोबत. ही यादी बघ आणि काही राहिलंय का सांग." यादीत सतरा ठिकाणं होती. किल्ला, दीपगृह, तीन बीच, दोन व्ह्यू पॉइंट, म्युझियम, मत्स्यालय, जुना बाजार, बोटीची फेरी, सूर्यास्त आणि असंच बरंच काही. प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. दहा ते अकरा किल्ला, साडेअकरा ते साडेबारा पहिला बीच. पोरीने मेहनत घेतली होती. पण त्या अख्ख्या यादीत समुद्राची वेळ कुठेच नव्हती.

हे मी सारखं बघते आणि दर वेळी जीव तुटतो. किल्ला तुम्ही कधीही जा, जागेवरच असतो. म्युझियमला दारावरची वेळ पाळली की झालं. समुद्राचं तसं नाही. सकाळी सातला जिथे अर्धा किलोमीटर ओली, घट्ट वाळू आणि काळे खडक उघडे पडलेले असतात, तिथे दुपारी एकला लाटा बंधाऱ्याच्या दगडावर आपटत असतात. जागा एकच, पण ती दोन वेगळी ठिकाणं आहेत. यादीत "बीच, साडेअकरा" लिहून तुम्ही त्यातलं कुठलं बघणार आहात, हे तुम्हालाच माहीत नसतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अशा शहरात जायचं ठरलं की हॉटेल बघायच्याही आधी त्या दिवसांतली भरती-ओहोटीची वेळ बघा. बाकीचं सगळं तिच्या भोवती बसवा.

हिशेब अवघड नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून आज जी ओहोटी सातला आहे ती उद्या जवळपास 50 मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खूप खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढ-उतार दोन्ही कमी. तिथी बघून सुट्टी ठरवणारं मला आजवर कुणी भेटलं नाही, पण समुद्राकाठी जाणाऱ्याने ती जरूर बघावी. खडक आणि त्यांच्या पोटातलं जग बघायचं असेल, तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन दिवस सोन्यासारखे.

मात्र एका बंदराची वेळ दुसऱ्याला लावू नका. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाण्याचा चढ-उतार 16 मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार-पाच मजली इमारत बुडेल इतका. भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यावर तो जेमतेम वीतभर-दोन वीत. मेक्सिकोच्या आखातात कित्येक ठिकाणी दिवसात एकच भरती येते. त्यामुळे ज्या गावाला जाताय त्याच बंदराचं वेळापत्रक शोधा. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतं.

हे मी इतकं कळकळीने का लिहितेय, ते सांगते. माझी मुलगी सात वर्षांची होती तेव्हा आम्ही तिघं अशाच एका परक्या शहरात गेलो होतो. किनाऱ्यापासून थोडं आत एक खडकाचं बेट होतं, वर पडका बुरूज. वाळूवरून लोक चालत जात होते, आम्हीही गेलो. पाऊल घोट्यापर्यंतसुद्धा भिजलं नाही. वर जाऊन बसलो, फोटो काढले. मुलगी शंख गोळा करत होती. समोर समुद्र लांब होता, शांत होता, आणि आम्ही दोघंही त्याच्याचकडे तोंड करून बसलो होतो. पाणी येणार तर समोरून येणार, हे इतकं गृहीत होतं की मागे वळून बघावं असं वाटलंच नाही.

किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेला एक म्हातारा माणूस उठून दोन्ही हात हलवायला लागला. आवाज पोचत नव्हता. आधी वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावतोय. मग त्याने अंगातला शर्ट काढून तो फिरवला आणि आमच्या पाठीमागे बोट दाखवलं. वळून बघितलं तर ज्या वाळूवरून आलो होतो तिथे पाण्याचा रुंद पट्टा होता. लाट नाही, आवाज नाही. नुसतं गुळगुळीत, सरकणारं पाणी. नवऱ्याने मुलीला खांद्यावर घेतलं आणि आम्ही उतरलो. पहिल्यांदा गुडघे, मग मांड्या, मधोमध माझी कंबर बुडाली. पाण्याला जोर नव्हता म्हणून निभावलं. मुलीच्या मुठीतले शंख कधी पडले ते तिलाही कळलं नाही.

त्या माणसाची भाषा आम्हाला येत नव्हती. तो रागावलाही नाही. खाली बसला आणि ओल्या वाळूवर बोटाने त्याने एक उंचवटा काढला, त्याच्या मागे खोलगट चर काढला, आणि ओंजळभर पाणी कडेला ओतलं. पाणी आधी चरात गेलं. उंचवटा कोरडा तसाच. आम्ही त्या उंचवट्यावर बसलो होतो. समुद्र भरताना सखल जागा आधी भरतो, आणि ती सखल जागा आपल्या परतीच्या वाटेवर असू शकते, हे मला त्या दिवशी वाळूवरच्या त्या बोटभर नकाशावरून कळलं.

पुढे घरी आल्यावर वाचलं तेव्हा एक हिशेब सापडला. नावाडी लोक त्याला बाराव्या भागाचा नियम म्हणतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढावाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे पहिला तासभर काही घडतच नाहीये असं वाटतं, आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. आपण फसतो ते त्या शांत पहिल्या तासामुळे. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: ओहोटीच्या दोन तास आधी खडकावर जायचं, आणि सर्वांत खालचं पाणी झालं की वळायचं. "अजून दहा मिनिटं" नाही म्हणजे नाही.

वेळ माहीत असली की अजून एक होतं. समुद्र अवेळी मागे गेला तर ते लक्षात येतं. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनमध्ये भूकंपानंतर पाणी मागे हटलं आणि तळ उघडा पडला. थोड्याच वेळात तेच पाणी शहरावर आलं. 26 डिसेंबर 2004 ला फुकेतच्या एका बीचवर दहा वर्षांच्या एका इंग्रज मुलीने पाण्याचं विचित्र वागणं ओळखलं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला ते शिकवलं होतं. तिच्यामुळे तो बीच वेळेत रिकामा झाला. वेळापत्रकाबाहेर पाणी ओसरलं तर बघायला पुढे जायचं नाही, उंचावर पळायचं. मुलांना हे सांगून ठेवा.

आता खडकांबद्दल, कारण माझा खरा जीव तिथे आहे. सतरा ठिकाणं सोडा, एका ओहोटीला एकाच खडकापाशी तासभर बसा. टोपीसारखा एक छोटा शिंपला दगडाला घट्ट चिकटलेला दिसेल, नखाएवढा किंवा थोडा मोठा. इंग्रजीत त्याला लिंपेट म्हणतात. ओढून काढू नका, नुसतं जवळून बघा. त्याच्या काही जातींत प्रत्येकाची खडकावर ठरलेली जागा असते. भरतीला तो शेवाळ खरवडून खात फिरतो आणि पाणी ओसरायच्या आत बरोबर आपल्या जागी परततो. त्याच्या कवचाची कड आणि दगडातली खाच घासून घासून एकमेकांत बसलेली असते, त्यामुळे आत ओल टिकते. त्याला उचलून दुसरीकडे ठेवलं तर ती खाच सापडणं त्याला कठीण होतं आणि उन्हात तो सुकून मरू शकतो. मुलगी पाचवीत असताना आम्ही अशी एक रिकामी खाच शोधली होती. मालक वीतभर अंतरावर होता. दुसऱ्या दिवशी ओहोटीला परत गेलो तर तो खाचेत बसलेला. तिने जो आनंद केला तो कुठल्याही वॉटर पार्कमध्ये मी बघितलेला नाही.

दगड उचलून खाली बघितलं तर तो होता तसा, त्याच बाजूने, हळू परत ठेवा. उलटा टाकलात तर खालची सगळी वस्ती उन्हात पडते. आणि गाड्या वाळूवर नेऊ नका, हात जोडून सांगते. ओहोटीची ओली वाळू रस्त्यासारखी दिसते, पण ती कुणाच्या तरी घराचं छप्पर असते. भरती आली की गाडी रुतते ती वेगळीच.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लाटांच्या रांगेत मधेच एखादा पट्टा शांत, थोडा गडद दिसतो, तिथे लाट फुटत नाही. लोक नेमके तिथेच उतरतात. पुष्कळदा तीच ओढ असते, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जात असतं. जीवरक्षकांनी झेंडे लावलेत त्याच भागात पोहा. ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर जा, पट्टा संपला की मग किनाऱ्याकडे या.

शहर कधी बघायचं? भरतीला. ऊन वर असतं, पाणी भिंतीला लागलेलं असतं, तेव्हा जुन्या वस्तीत शिरा. बंदराची जुनी शहरं बहुतेक खाडीच्या तोंडाशी किंवा टेकडीच्या आडोशाला वसलेली असतात, कारण जहाजाला वाऱ्यापासून आसरा हवा असतो. धक्क्याकडून सुरुवात करून वर चालत गेलं की गोदामं, मग पेढ्या, मग घरं, असं शहर कसं वाढलं ते पायाला कळतं. म्युझियम, मत्स्यालय, सगळं याच वेळेत. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात, म्हाताऱ्या माणसांना बाहेर बसवायचं तर ती वेळ. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर आत जायच्या आणि दुपारी याच खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या.

मालवाहू जहाजं दिसणारं बंदर असेल तर दुर्बीण न्या. जहाजाच्या कुशीवर, मधोमध, एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ दिसेल. शेजारी शिडीसारख्या छोट्या रेघा असतात: उन्हाळ्याची, हिवाळ्याची, उष्ण कटिबंधाची, गोड्या पाण्याची. त्या त्या पाण्यात जहाज कुठवर बुडू द्यायचं याची ती खूण. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या ब्रिटिश खासदाराने खलाशांच्या जिवासाठी आयुष्य पणाला लावलं, तेव्हा 1876 च्या कायद्याने तिथे अशी रेघ सक्तीची झाली. त्याआधी मालक जहाज वाटेल तेवढं भरायचे. ती रेघ एकदा ओळखू आली की बंदरावरचा अर्धा तास कसा गेला कळत नाही.

दीपगृहाकडे लोक दिवसा फोटोला जातात. रात्री जा, नुसतं लांबून बघा. झोत किती सेकंदांनी येतो ते मोजा. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी ठरवलेली असते, म्हणजे अंधारात नावाड्याला आपण कुठे आहोत ते कळावं. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या कड्यांचं भिंग केलं आणि 1823 मध्ये ते फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात पहिल्यांदा बसवलं. तोवर दिव्याचा पुष्कळसा उजेड वायाच जात होता.

सूर्यास्ताबद्दल फार बोलत नाही, तो सगळे बघतातच. फक्त एवढं करा: सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य जवळजवळ पूर्ण क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून प्रकाश वाकतो म्हणून तो आपल्याला अजून दिसतो. मुलांना हे त्या क्षणी सांगा आणि त्यांचे चेहरे बघा. आणि सूर्य बुडाला की लगेच पार्किंगकडे धावू नका. आकाशाचे रंग पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत खुलतात, आणि तोवर किनारा रिकामा झालेला असतो.

भाचीला मी यादी परत पाठवली नाही. एवढंच लिहिलं: "शनिवारी ओहोटी सकाळी 7:10 ला आहे, रविवारी आठच्या सुमाराला. दोन्ही दिवशी दोन तास आधी खडकावर पोचा. ओहोटीची वेळ झाली की वळा. खडकावर टोपीसारखा एक शिंपला चिकटलेला असतो, तो शोधा. सासूबाईंना घसरणार नाहीत अशा चपला घ्यायला सांग. सतरापैकी बाकीची तू ठरव."

रात्री अकराला तिचं उत्तर आलं. "मावशी, सासूबाई विचारतायत, तो टोपीवाला शिंपला कुठल्या बाजूच्या खडकावर मिळेल?"