1958 चा मुद्दा मान्य, पण त्यापुढचं?

नमस्कार. तुम्ही वीस वर्षं फौजेत काढलीत, त्यामुळे तुमची नाराजी मनाला लागली. म्यानमारवरच्या लेखात मी सैन्याची फक्त काळी बाजू दाखवली आणि 1958 मध्ये लष्करानेच रंगून ताळ्यावर आणलं ते गाळलं, असं तुमचं म्हणणं. लष्कराचं राज्य तात्पुरतं असतं, असंही तुम्ही लिहिलंत. गाळलं, हे खरं. ती माझी चूक. लष्करप्रमुख जनरल ने विन यांच्या काळजीवाहू सरकारने शहर झाडून काढलं, भाव खाली आणले आणि 1960 मध्ये निवडणूक घेऊन ती जिंकलेले नेते ऊ नू यांच्याकडे कारभार सोपवलाही.

पण तुम्ही 1960 पाशीच थांबलात. 2 मार्च 1962 ला ने विन परत आले ते बंड करून. त्या जुलैत रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघटनेची इमारत सुरुंग लावून उडवली. मग बँका, दुकानं, भाताचा व्यापार, सगळं सरकारजमा. चालवायला बसले लष्करी अधिकारी. महायुद्धाआधी जगाला तांदूळ पुरवणारा देश हा! हुकूम पाळणं हाच जिथे धर्म, तिथे ‘साहेब, हे चुकतंय’ असं वरच्याला कोण सांगणार? सीमेवर ती शिस्त हवीच, तुम्ही ती जगलात. धान्याचे भाव मात्र हुकमाने ठरत नाहीत.

सप्टेंबर 1987 मध्ये 25, 35 आणि 75 क्याटच्या (क्याट हे तिथलं चलन) नोटा अचानक रद्द झाल्या, बदलून काहीच दिलं नाही. लोकांनी घरात साठवलेला पैसा कागद झाला. नव्या नोटा आल्या 45 आणि 90 च्या, कारण ने विन 9 हा आकडा शुभ मानत, असं सांगतात. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी देशाला सर्वांत अविकसित देशांच्या यादीत घातलं. पुढच्या वर्षी लोक रस्त्यावर उतरले, तर गोळ्याच.

1990 ची निवडणूक आंग सान सू ची यांच्या पक्षाने जिंकली. सत्ता दिली नाही. 2008 ची राज्यघटना लष्कराने स्वतःच लिहवून घेतली, संसदेत 25 टक्के जागा स्वतःसाठी राखून. एवढं हाती असूनही 1 फेब्रुवारी 2021 ला पुन्हा बंड. तुम्ही ‘तात्पुरतं’ म्हणता म्हणून हे सगळं मांडलं.

आणि वर्दीच्या इज्जतीबद्दल तुम्ही जे लिहिलंत, ते वाचताना मला फेब्रुवारी 2024 आठवत होता. तेव्हा तिथे 18 ते 35 वयाच्या पुरुषांसाठी सक्तीची भरती लागू झाली. तुम्ही स्वतःहून भरती झालात. तिथली पोरं ती वर्दी टाळायला सीमा ओलांडून थायलंडला पळताहेत.