पिनकोड बंद झालेला नाही, पाकिटावरचा पत्ता खोडू नका

गेल्या राखीपौर्णिमेला आमच्या शेजारच्या काकूंनी भावाला पाठवायच्या पाकिटावर त्याचं नाव आणि खाली इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा दहा चिन्हांचा कोड, एवढंच लिहिलं होतं. गाव नाही, पोस्ट नाही, तालुका नाही. पेटीत पडायच्या आधी पाकीट माझ्या हाती आलं म्हणून बरं. विचारलं तर त्यांनी फोनवर आलेला मजकूर दाखवला. तोच मजकूर मला गावच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, एका निवृत्त शिक्षकांनीही पाठवला. त्याचा गाभा असा: "सहा आकडी पिनकोड आता बंद. सरकारने डिजिपिन आणला. प्रत्येक घराला स्वतंत्र दहा अक्षरी नंबर. पाकिटावर फक्त तोच लिहा, मशीन आपोआप छाननी करेल, टपाल चुकीच्या हाती जाणारच नाही. मात्र तुमचं घर आता सरकारच्या नजरेत राहील. खालच्या लिंकवर नोंदणी करा."

यात डिजिपिन, म्हणजे जागेच्या अक्षांश-रेखांशांवरून निघणारा दहा चिन्हांचा कोड, आला हे सोडलं तर बाकी जवळजवळ सगळं चुकीचं आहे. एकेक मुद्दा घेतो.

"पिनकोड बंद झाला"

२७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने दोन संकेतस्थळं सुरू केली. एकावर आपला डिजिपिन कळतो, दुसऱ्यावर आपला पिनकोड. पिनकोड बंद करायचा असता तर तो शोधायची नवी सोय त्याच दिवशी कशाला दिली असती? डिजिपिन नेहमीच्या पत्त्याची जागा घेत नाही, हे खात्याने स्वतःच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट सांगितलं आहे.

पण खात्याने सांगितलं म्हणून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. पिनकोड काय काम करतो ते पाहिलं की तो असा एका रात्रीत जाऊच शकत नाही हे कळतं.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर रत्नागिरी जिल्ह्यातले, टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा आणि भयंकर होता. देशात एकाच नावाची शेकडो गावं, पत्ते डझनभर लिप्यांत आणि अक्षर लावताना डोळे फुटायची वेळ. आपल्याकडेच वडगाव किती आणि पिंपळगाव किती! औरंगाबाद महाराष्ट्रात होतं तसं बिहारमध्येही आहे. पिनकोडाचे पहिले तीन आकडे ४३१ असले की आपलं, ८२४ असले की बिहारचं. पुढे आपल्या शहराचं नाव बदललं, पण ४३१ जागचे हलले नाहीत.

पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन मिळून साधारण राज्याचे, तिसरा मिळवला की छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या पोस्टाचे. "छाननीचा जिल्हा" हा शब्द नीट लक्षात घ्या, कारण तो महसुली जिल्हा नव्हे. साताऱ्याचा पिनकोड ४१५ ने सुरू होतो आणि रत्नागिरीचाही ४१५ नेच. कोल्हापूर ४१६, सांगली ४१६ आणि घाट उतरून सावंतवाडी, मालवणही ४१६. मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे! नकाशा पाहून कुणाला हे विचित्र वाटेल, पण १९७२ साली कोकण रेल्वे नव्हती आणि कोकणाचा देशाशी व्यवहार घाटांतूनच चालायचा. पिनकोडात टपालाची वाट लिहिलेली आहे.

माझे मामा आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल डब्यात, छाननीला होते. रात्रभर धावत्या गाडीत कप्प्यांसमोर उभं राहून पत्रं टाकायची. ते गावाचं नाव वाचतच नसत, तीन आकडे दिसले की हात आपोआप त्या कप्प्याकडे जायचा.

आता डिजिपिनकडे या. तो पूर्णपणे अक्षांश-रेखांशांवर बेतलेला आहे. भारत आणि भोवतालचा समुद्र झाकेल असा ३६ अंश बाय ३६ अंशांचा चौकोन घेतला. त्याचे सोळा भाग, प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. प्रत्येक पायरीला एक चिन्ह: २ ते ९ हे आठ अंक आणि आठ रोमन अक्षरं. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर केलेलं हे काम मला मनापासून आवडतं. गणित सुटसुटीत आहे, आज्ञावली सगळ्यांना खुली आहे आणि कोड काढायला इंटरनेटचीही गरज नाही.

पण या जाळ्याला टपालाची वाट ठाऊक नाही. पहिल्या पायरीची एक रेघ साडेवीस अंश अक्षांशावरून जाते, म्हणजे थेट महाराष्ट्रातून. तिच्या दक्षिणेला नाशिक, मुंबई, पुणे, रत्नागिरी, गोवा या सगळ्यांचा डिजिपिन ४ ने सुरू होतो, आणि चेन्नई-बंगळूरचाही ४ नेच. रेघेच्या उत्तरेला मालेगाव, धुळे, जळगाव, नागपूर आणि दिल्लीसुद्धा, सगळे ३ चे. एका जिल्ह्यातली नाशिक आणि मालेगाव वेगळ्या कप्प्यात, रत्नागिरी आणि चेन्नई मात्र एकत्र. संगणकाला डिजिपिनवरून योग्य पोस्ट शोधून देता येईल, नाही असं नाही. तरी शोधायचं ते पोस्टच, म्हणजे पिनकोडाचंच काम मागच्या दाराने करायचं.

"फक्त डिजिपिन लिहा, बाकी मशीन बघेल"

या वाक्याने काकूंची राखी अडकली असती, म्हणून यावर जरा थांबतो.

मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या केंद्रांत छाननीची यंत्रं आहेत. पाकिटाचा फोटो निघतो, यंत्र पत्ता आणि मुख्यतः पिनकोड वाचतं आणि पाकीट ठरलेल्या कप्प्यात पडतं. जे वाचता येत नाही ते माणसाच्या नजरेखाली जातं. पण देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखाहून जास्त आणि पिनकोड सुमारे १९ हजार. म्हणजे एका पिनकोडाखाली सरासरी आठेक पोस्टं. खेड्यातल्या शाखा डाकघराला स्वतंत्र पिनकोड नसतो, ते ज्या उपडाकघराला जोडलेलं आहे त्याचाच वापरतं. त्या उपडाकघरात पाकिटं वेगळी करणारं यंत्र नसतं, माणूस असतो, आणि तो पोस्टाचं नाव वाचतो.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे पक्कं ठाऊक होतं. "मु. पो." एकत्र लिहिलं की गावातच पोस्ट आहे. "मु." एका गावाचं आणि "पो." दुसऱ्याचं असेल, तर आपल्या गावचं टपाल शेजारच्या पोस्टातून येतं. मग "ता." आणि "जि.". हे चार शब्द कुणी शोभेसाठी लिहिले नाहीत. उलट्या क्रमाने वाचलं की पत्र कुठून कुठे उतरेल ते कळतं. शेवटच्या टप्प्यात पोस्टमन आपल्या बीटनुसार, म्हणजे वाटपाच्या ठरलेल्या हद्दीनुसार, पाकिटं लावतो, तिथे तर वाडीचं नाव, घराण्याचं नाव, "शाळेमागे" हेच चालतं.

दुसरं असं की आपला पत्ता एकच गोष्ट दोन-तीनदा सांगतो आणि त्यामुळेच चूक पकडली जाते. पिनकोडात ४१६ ऐवजी ४१५ पडलं, तरी "जि. सिंधुदुर्ग" वाचून कुणीतरी ते पाकीट वाटेला लावतं. डिजिपिनमध्ये चूक पकडणारं तपासणीचं चिन्ह नाही. सोळापैकी कोणतीही दहा चिन्हं लिहा, ती कुठला तरी चौकोन दाखवतातच. तिसरं चिन्ह चुकलं तर पत्ता साठेक किलोमीटर किंवा त्याहूनही लांब सरकू शकतो, आणि सोबत गावाचं नाव नसेल तर ते कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

डिजिपिन लिहायचाच असेल तर जरूर लिहा, पण पूर्ण पत्त्याच्या आणि पिनकोडाच्या खाली.

"प्रत्येक घराला स्वतंत्र नंबर"

डिजिपिनचा चौकोन साधारण ३.८ मीटर लांबी-रुंदीचा. म्हणजे मध्यम आकाराच्या बैठ्या घरावर असे अनेक चौकोन पडतात, ओटीचा एक आणि परसाचा दुसरा. उलट वीस मजली इमारतीत एकाच्या डोक्यावर एक असलेल्या वीस फ्लॅटना एकच डिजिपिन, कारण त्यात उंचीच नाही. आयर्लंडने २०१५ मध्ये एअरकोड आणला, तिथे प्रत्येक पत्त्याला, इमारतीतल्या फ्लॅटलाही, वेगळा कोड आहे. ती पत्त्यांची यादी आहे. आपला डिजिपिन जागेचं माप आहे, तिथे घर असो, विहीर असो की समुद्र. शिवाय फोनचा जीपीएस उघड्यावरही काही मीटर चुकतो, भिंतीआड जास्तच. खोलीत बसून काढलेला कोड शेजाऱ्याच्या अंगणाचा निघू शकतो.

त्याचा खरा उपयोग डोंगरातल्या वाडीला, पाड्याला, नाव-नंबर नसलेल्या वस्तीला आहे. रुग्णवाहिकेला "आंब्याच्या झाडापासून डावीकडे" सांगण्यापेक्षा दहा चिन्हं सांगणं केव्हाही चांगलं. हे काम इतकं मोलाचं आहे की त्याच्याबद्दल खोटं पसरवलेलं पाहून चीड येते.

"टपाल सुरक्षित, पण सरकारची नजर"

दोन्ही दावे चूक. पाकिटावर कोणता कोड आहे यावर टपालाची सुरक्षितता ठरत नाही. ती बंद थैलीवर, प्रत्येक टप्प्यावर स्कॅन होणाऱ्या बारकोडवर आणि शेवटी पाकीट कुणाच्या हाती दिलं यावर ठरते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं (त्याचाही "रजिस्टर बंद झालं" असा बोभाटा झाला), पण नोंदणीची सोय स्पीड पोस्टवर जादा शुल्क देऊन मिळते. ओटीपी दिल्यावरच पाकीट हाती देण्याचीही सोय आहे. महत्त्वाची कागदपत्रं पाठवताना हे मागून घ्या.

राहिली नजर. डिजिपिनमध्ये तुमचं नाव नाही, आधार नाही, फोन नंबर नाही. तो कोणी "देत" नाही, अक्षांश-रेखांशांतून निघतो. म्हणून त्याची नोंदणीही नसते. काळजी करायचीच तर दुसरीकडून करा. या दहा चिन्हांवरून कुणीही उलटं गणित करून तुमच्या दारापर्यंत पोहोचू शकतो. नाव, फोटो आणि डिजिपिन एकत्र समाजमाध्यमांवर टाकू नका, विशेषतः घरी एकटी वयस्क माणसं असतील तर.

"खालच्या लिंकवर नोंदणी करा"

नाही. "तुमचं पार्सल आलं आहे, पत्ता अपुरा आहे, इतक्या तासांत लिंकवर दुरुस्त करा" असे टपाल खात्याच्या नावाचे खोटे संदेश आधीपासून फिरत आहेत आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकने ते बनावट असल्याचं सांगितलं आहे. टपाल खातं असे संदेश पाठवत नाही. डिजिपिनची लिंक याच जातीची. ती उघडली असेल आणि कार्डाचा नंबर किंवा ओटीपी दिला असेल, तर लाजू नका, आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

काकूंनी पाकीट पुन्हा लिहिलं. मु., पो., ता., जि., पिनकोड आणि कोपऱ्यात हौसेने तो डिजिपिनही. तो मीच लिहू दिला.