म्हणे, टेक्निकल नोकरीत गणित लागत नाही!

पाचोऱ्याच्या ताईने काल एक फिरता मेसेज पाठवला. तिच्या मुलाचं यंदा दहावीचं वर्ष. मेसेज असा: "गणित जमत नाही? सोडून द्या! टेक्निकल नोकरीत हाताला कसब लागतं. रेल्वेत फक्त ट्रेडचं विचारतात. हिशोब मशीन करतं. जुने मिस्त्री कुठे गणित शिकले होते?" खाली भाच्याचा प्रश्न: "मामा, सोडी देऊ का मंग?"

अजिबात नाही.

आधी रेल्वेचं, कारण भुसावळकडची निम्मी पोरं त्याच आशेवर बसलेली असतात. असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याच्या सहायकाची, 2024 ची जाहिरात काढून वाचा. पहिल्या परीक्षेला 75 प्रश्न, 60 मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. अभ्यासक्रमात लसावि-मसावि, शेकडेवारी, काळ-काम, नळ-टाकी, त्रिकोणमितीसुद्धा. दुसऱ्या परीक्षेतला ट्रेडचा, म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन अशा कामाचा भाग 35 टक्क्यांनी नुसता पास व्हायचा असतो. ते गुण मेरिटला धरतच नाहीत. धरतात तो 'अ' भाग, आणि त्यात पुन्हा गणित! म्हणजे या शहाण्याने नेमकं उलटं सांगितलंय. याच्या नादी लागून एखाद्याचं वर्ष गेलं, तर हा भरून देणार आहे का?

हिशोब मशीन करतं म्हणे. लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर, टेपर (निमुळता उतार) काढायचा होता: 50 मिमी लांबीत 40 चा व्यास 30 वर. शिकाऊ पोराने फरक 10, भागिले 50 केलं आणि त्या टॅनचा कोन काढला. मोबाईलने इमानदारीत 11.3 अंश दिले. व्यास दोन्ही बाजूंनी उतरतो, म्हणून फरकाचं अर्धं घ्यायचं. खरा कोन 5.7 अंश. जॉब, म्हणजे तो लोखंडाचा तुकडा, भंगारात.

जुन्या मिस्त्रींचं म्हणाल, तर आमच्याकडचा ड्रिप बसवणारा सातवी पास आहे. पाच बाय पाच फुटांवर केळी, एकरी साधारण 1740 झाडं, झाडामागे तासाला 4 लिटरचा ड्रिपर, म्हणजे सात हजार लिटर. मोटर पाच हजारच देते? मग दोन व्हॉल्व्ह पाडा, अर्धं अर्धं शेत भिजवा. हे तो बांधावर उभ्या उभ्या सांगतो. याला गणित येत नाही असं कोण म्हणेल?

एक मात्र कबूल करावं लागतं: इंटिग्रेशन करताना शॉपफ्लोअरवर मी कुणाला पाहिलेलं नाही. पण ते बारावीचं. दहावीच्या पोराला त्याचं काय?

बाकी, मेसेजच्या तळाशी 'बिनागणिताचा टेक्निकल कोर्स' म्हणून एक मोबाईल नंबर आहे. फी तीन हप्त्यांत. एकूण किती, ते लिहिलेलं नाही.