पॅन्जियावाल्यांनो, जरा पाण्यात उतरा

'सिव्हिलायझेशन' हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "आर्किपेलागो मॅप फार सोपा रे, बोअर होतं." दर वेळी माझं डोकं फिरतं. मॅप सोपा नसतो हो. समोरचा कॉम्प्युटर पाण्यात मठ्ठ असतो. त्याचं खापर बिचाऱ्या बेटांवर कशाला?

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सिड मायरचा हा गेम 1991 साली आला आणि त्याचे नवे भाग अजून येतायत. शहरं वसवायची, नवं संशोधन करायचं, शेजाऱ्यांशी लढायचं. आधी तुमची चाल (टर्न), मग बाकीच्यांची, बुद्धिबळासारखी. सुरुवातीलाच गेम विचारतो की जग कसं हवं: सगळी जमीन एकसंध (म्हणजे पॅन्जिया), दोन-तीन खंड, की विखुरलेली बेटं (म्हणजे आर्किपेलागो)? लोक लीडर निवडायला अर्धा तास घालवतात आणि या प्रश्नावर न बघता क्लिक करतात. खरं तर पुढचे दहा-बारा तास कसे जाणार ते इथेच ठरतं.

पॅन्जियावर शेजारी डोक्यावर बसलेला असतो. तुमची दुसरी वसाहत होते न होते तोच त्याचे घोडेस्वार कुंपणाशी. जगायचं तर धनुर्धारी हवेत, टेकडी हवी, नदीचा आडोसा हवा. त्यात मजा आहेच, नाही कोण म्हणतं? पण प्रत्येक गेम त्याच चार वळणांनी जातो. बेटांवर प्रश्नच बदलतात. सहाव्या भागात बघा. पहिलं शहर किनाऱ्यावर वसवलं की 'सेलिंग'चं संशोधन आपोआप पुढे सरकतं. दोन गॅली (वल्ह्यांची लढाऊ जहाजं) बांधल्या की 'शिपबिल्डिंग' स्वस्त होतं. मासे-खेकड्यांच्या दोन जागांवर होड्या लावल्या की 'सेलेस्टियल नेव्हिगेशन' (ताऱ्यांवरून दिशा ओळखणं). दोन बंदरं झाली की 'कार्टोग्राफी' (नकाशे बनवणं). म्हणजे समुद्राकडे तोंड केलंत की गेमच तुम्हाला बोट धरून पाण्यात नेतो. त्यातही पायऱ्या आहेत: आधी फक्त बिल्डर (बांधकाम करणारे कामगार) होडीत बसतात, मग व्यापारी आणि फौज, आणि खोल समुद्र पार करायला थेट कार्टोग्राफीपर्यंत थांबायचं. तोवर क्षितिजाच्या पलीकडे कोण बसलंय, काही पत्ता नसतो. ही हुरहुर पॅन्जियावर मला कधी मिळालेली नाही.

आता मठ्ठपणाबद्दल. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी सहावा भाग लावला होता, बेटांचा मॅप, कठीण लेव्हल. पलीकडच्या बेटावरून युद्ध पुकारलं गेलं आणि थोड्या वेळाने धुक्यातून त्याची फौज आली. तलवारबाज, भालाइत, मागे एक कॅटापल्ट, सगळे होड्यांत बसून एका रांगेत, आणि सोबतीला एकही लढाऊ जहाज नाही! होडीत बसलेलं पायदळ म्हणजे आयतं सावज. माझ्या दोन क्वाड्रिरीम (लांबून मारा करणारी जहाजं) खाडीच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी एकेक करून सगळे बुडवले, आणि काही टर्ननंतर त्याने तीच वरात पुन्हा पाठवली. याला 'सोपा मॅप' म्हणायचं? समोरच्याला पोहता येत नाही म्हणून तलाव उथळ ठरत नाही.

याचं एक मूळ माझ्या मते 2010 च्या पाचव्या भागात आहे. त्याआधी एकाच चौकोनात कितीही पलटणी रचता यायच्या आणि त्या ट्रान्सपोर्ट जहाजात भरून न्यायच्या. पाचव्या भागात षटकोन आले, एका षटकोनात एकच लढाऊ तुकडी आली आणि सैनिक पाण्यात पाऊल टाकताच स्वतःच होडीत बसायला लागले. माणसाला हे सुटसुटीत. जहाज बांधा, भरा, उतरवा ही कटकट गेली. पण कोण पुढे, कोण मागे, किनाऱ्याच्या कुठल्या तीन जागांवर आधी उतरायचं, तोफा कुणी झाकायच्या, हे कोडं कॉम्प्युटरला झेपत नाही. जमिनीवर तो संख्येच्या जोरावर वेळ मारून नेतो. पाण्यात उघडा पडतो.

म्हणून माझं म्हणणं, बेटांची परीक्षा माणसासमोर घ्या. दादरला माझा मावसभाऊ आहे. एका लॅपटॉपवर आलटून-पालटून, हॉटसीट मोडमध्ये आम्ही खेळतो. तो पक्का पॅन्जियावाला. "दादा, सरळ जमीन लाव ना. बोटीच चालवायच्या तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडून मांडव्याला जाऊ की!" तरी मी बेटं लावली. मग काय, फ्रिगेट (तोफांची युद्धनौका) हातात येईपर्यंत हसणारा हाच पठ्ठ्या दोन षटकोनांवरून माझ्या किनाऱ्याला तोफा डागत होता. तट पडला आणि मागून एक कॅरॅव्हल (शिडाचं लढाऊ जहाज) सरळ शहरात शिरली. माझ्या बेटावर मागे सरकायला जागाच नव्हती. पॅन्जियावर एखादं शहर गेलं तरी डोंगराआड दुसरी फळी उभारता येते. बेटावर शहर म्हणजेच सीमा. इतका घाम मला जमिनीवरच्या कुठल्याच युद्धात फुटलेला नाही.

इतकं बेटांचं कौतुक केल्यावर माझी खरी तक्रार सांगतो, आणि ती गेम बनवणाऱ्यांकडे आहे. या सगळ्या भागांत समुद्र आधी भिंत असतो आणि एक संशोधन झालं की हायवे होतो. राहण्याची, अडवण्याची, झगडण्याची जागा तो क्वचितच असतो. कोकण किनाऱ्याचा इतिहास माहीत असलेल्याला हे खटकणारच.

खांदेरी घ्या. 1679 साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरचं हे बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही हटकायला आले. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की शिडाचं मोठं जहाज जागच्या जागी डुलत राहतं आणि वल्ह्यांची छोटी होडी उथळ पाण्यातून निघून जाते. थळच्या किनाऱ्यावरून बेटावर रसद पोचत राहिली आणि खांदेरी उभी राहिली. गेममध्ये हे अशक्य आहे. तिथे नवं जहाज जुन्याला सरळ खातं, आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात युद्धनौका गॅलीइतकीच सुखाने फिरते. खोली नाही, भरती-ओहोटी नाही.

जंजिऱ्याचंही तेच. समोर पद्मदुर्ग बांधला, 1682 मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून दगडांचा भराव घालत बेटापर्यंत पोचायचा प्रयत्न केला, तरी तो किल्ला हाती आला नाही. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचं एक बेट जमिनीवरच्या एवढ्या मोठ्या सत्तेला पुरून उरलं. आणि मुंबईचं बघायचं तर 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टी आधीच मराठ्यांकडे आली होती, पण माहीमच्या खाडीपलीकडे इंग्रज बसले होते ते बसलेच. त्यांच्याशी तह झाला. त्यामागे राजकारण होतंच, पण खाडीही होती. गेममध्ये एवढ्याशा पाण्याला काय किंमत? होडीतून हल्ला केला तर थोडी ताकद घटते, चढता-उतरताना चाल खर्च होते, संपलं.

आणि पावसाळा! आषाढ-श्रावणात कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. सतराव्या शतकात सिद्दीचं आरमार पावसाळ्यात माझगावला येऊन नांगर टाकायचं आणि त्यावरून मराठे-इंग्रजांत कुरबुरी व्हायच्या. म्हणजे पाऊस हा राजकारणातला खेळाडू होता. गेमचं उत्तर मला माहीत आहे: सुरुवातीला एक टर्न 40 वर्षांचा, त्यात कुठला आषाढ बसवणार? मान्य. पण मग सहाव्या भागाच्या 2019 च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या पुरवणीत वादळं, पूर, वाढणारी समुद्रपातळी हे सगळं बसवलंच ना? त्यात सखल किनाऱ्याचे षटकोन एकामागून एक पाण्याखाली जातात आणि ते वाचवायला 'फ्लड बॅरिअर' बांधावा लागतो, जो उशीर कराल तितका महाग होत जातो. हिंदमाता, मिलन सबवे ही मुंबईतली पावसात तुंबणारी ठिकाणं बघत मोठे झालेल्या माणसाला त्या स्क्रीनवर वेगळंच हसू येतं. त्याच पुरवणीतला माओरींचा नेता कूपे तर गेमची सुरुवातच भर समुद्रातून करतो. मनात आणलं की जमतं त्यांना.

2025 च्या सातव्या भागात वाटलं होतं, आता काहीतरी होईल. झालं उलटं. पहिल्या युगात खोल समुद्र सगळ्यांना बंद, दुसऱ्या युगात सगळ्यांना खुला. पलीकडच्या 'डिस्टंट लँड्स' गाठायची शर्यत सुरुवातीला रंगते, नाही असं नाही. पण दर वेळी तेच युग, तीच शर्यत. कधी निघायचं हा निर्णयच माझा राहिला नाही. बेटांच्या मॅपची सगळी गंमत त्या निर्णयातच होती.

तर पॅन्जियावाल्यांनो, एकदम आर्किपेलागोत उडी मारू नका. सहाव्या भागात 'कॉन्टिनेंट्स अँड आयलंड्स' लावा. शेजारी मिळेल, भांडायला जमीन मिळेल आणि मधल्या बेटांवर जो आधी पोचेल तो पुढे भारी पडेल. समोर निदान एक तरी माणूस बसवा. इंडोनेशिया किंवा नॉर्वे घेतलंत तर पाण्याची धास्ती लवकर जाईल. पहिल्या वेळी पोर्तुगाल नको, तो व्यापारासाठी पाण्यावर इतका अवलंबून आहे की गांगरायला होतं. आणि होड्यांतून फौज पाठवाल तेव्हा सोबत दोन लढाऊ जहाजं द्या. मावसभाऊ आता देतो, आणि तेव्हापासून त्याच्याशी खेळणं मला परवडत नाही.