'कुटुंब सांभाळतं' म्हणजे नेमकं कोण सांभाळतं?

गेल्या महिन्याभरात तोच मजकूर मला चौघांनी पाठवला, त्यातले तिघं नात्यातले. त्याचा मथितार्थ असा: केअरगिव्हर, म्हणजे आजाऱ्याची देखभाल करणारा, वगैरे पाश्चात्यांचं खूळ आहे. आपल्याकडे मुलगा-सून असतात. एकत्र कुटुंबात आजारपणाचा भार कुणा एकावर पडत नाही, सगळं घरच्या घरी होतं, खर्च शून्य. या सेवेला भत्ते आणि सवलती चिकटवल्या की माया आटते. खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

सांगलीला आमचे अण्णा तीन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून आहेत. तेव्हा मला हात जोडून पुढे जाता येईना.

आधी ते 'पाश्चात्य खूळ'. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आपल्याच संसदेने केला. त्यात देखभाल करणाऱ्याची व्याख्या आहे. आईवडील किंवा घरातलं कुणीही, मोबदला घेऊन वा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारे, सगळे त्यात येतात. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी देखभाल भत्त्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, मात्र 'आर्थिक कुवतीनुसार' ही मेख मारून. आणि शब्दाचंच अडलं असेल तर पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात, म्हणजे पार्किन्सन्स या कंपवाताच्या आजाराच्या आधारगटात, पेशंटला 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याच्यासाठी झटणाऱ्याला 'शुभंकर'. इतका देखणा शब्द इंग्रजीत मला तरी माहीत नाही.

आता 'भार कुणा एकावर पडत नाही' हे. 'कुटुंब सांभाळतं' या वाक्यात कर्ता कुटुंब आहे, पण घरात करणारी एकच असते. आमच्याकडे ती वहिनी.

अण्णांना नाकातल्या नळीतून अन्न द्यावं लागतं. पेज किंवा भाजीचं पाणी मिक्सरमधून काढायचं, दोनदा गाळायचं, कारण एक कण अडकला तरी नळी तुंबते. पाठीमागून डोकं उंच करायचं, मोठ्या सिरिंजने सावकाश सोडायचं, आणि नंतर अर्धा तास त्यांना आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर छातीत जातं. मग कूस बदलायची, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. माणूस जड. म्हणून कमरेखाली एक चादर आडवी घडी करून कायमची ठेवलेली असते. ती धरून ओढलं की अण्णा वळतात आणि वहिनीचा खांदा दुखतो. प्रत्येक वेळी माकडहाडाजवळची कातडी बघायची. लाली बोट दाबल्यावरही गेली नाही, तर तिथे जखमेची सुरुवात आहे असं समजायचं.

दादा सकाळी साडेआठला कामावर जातो, तो रात्रीच्या एका पाळीला उठतो. मी पुण्यात. माझा वाटा म्हणजे दरमहा थोडे पैसे, रोज एक व्हिडिओ कॉल आणि सल्ले. सल्ले जास्त. कॉलवर मी विचारतो, "अण्णा कसे आहेत?" फोन जिने धरलेला असतो ती कशी आहे, हे विचारायला मला दीड वर्ष लागलं.

हे फक्त आमच्या घरचं नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. करणाऱ्यांतही बाईची दिवसाला सुमारे १४० मिनिटं, पुरुषाची ७४. यात मुलांना सांभाळणं आलं, हे खरं. पण वाटून घेण्याची आपली पद्धत त्यातून दिसतेच.

खर्च शून्य? वहिनीचा शिवणक्लास होता, तो बंद पडला. हा खर्च कुठल्या वहीत लिहायचा? घरात राबणाऱ्या बाईच्या कामाला किंमत असते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघात-भरपाईच्या निकालात पुन्हा सांगितलं, पण तिथे ती बाई मेल्यावर हिशेब झाला. जिवंतपणी काय, तर जुन्या करप्रणालीत दिव्यांग आश्रिताच्या देखभालीपोटी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र अपंगत्व असेल तर १,२५,०००. ती मिळते कर भरणाऱ्याला. म्हणजे आमच्याकडे दादाला. वहिनीला उत्पन्नच नाही, तर वजावट कशातून?

त्याच मजकुरात अभिमानाने म्हटलंय की आईबापांना टाकणाऱ्याला कायदा शिक्षा करतो. करतो खरा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. न सांभाळणाऱ्यासाठी कलम आहे. सांभाळणारीसाठी त्यात काय आहे?

राहिली माया. केरळ सरकारच्या 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्याची देखभाल करणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवलेले आहेत. सहाशे रुपयांच्या लोभाने रात्री दोनला उठून कुणाचं डायपर बदलणारा माणूस मला एकदा दाखवा. त्याच राज्यात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याच्या, कामातून गल्लोगल्लीचे स्वयंसेवक तयार झाले, आणि २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. तिथल्या घरांतली माया आटल्याचं कुणी दाखवून दिलेलं नाही.

"शेजारीपाजारी असतातच की," असं आमच्या आत्याने खाली जोडलंय. असतात. अण्णांना 'बघायला' येतात, सफरचंदं आणतात, तासभर बसतात, आणि वहिनी नळीचं काम अर्धवट टाकून त्यांच्यासाठी चहा टाकते. अपवाद एकच, समोरच्या वाड्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका. ते म्हणाले, "चहा नको. कूस कशी बदलायची ते दाखव आणि दर गुरुवारी चार ते सहा तू मोकळी." दोनदा तिच्यासमोर करून बघितलं, मग बसले.

पहिल्या गुरुवारी वहिनी कुठेच गेली नाही. आतल्या खोलीत दार लोटून झोपली.