सेसना १७२, आरव्ही-८ आणि ‘आकाशातली रिक्षा’

महोदय,

पहिले विमान म्हणून सेसना १७२ हे साधे चार आसनी विमान घ्यावे, या माझ्या लेखातल्या सल्ल्यावर आपण सडकून टीका केली आहे. मी स्वतः दहा वर्षे डेकॅथलॉन या दोन आसनी कसरतीच्या विमानातून कोलांट्या मारल्या आणि आता केस पिकल्यावर इतरांच्या गळ्यात ‘आकाशातली रिक्षा’ मारतो आहे, आणि हौसेने उडणाऱ्याने आरव्ही-८सारखे, सुट्या भागांच्या संचातून हौशी लोक स्वतः बांधतात तसे चपळ विमानच घ्यावे, असा आपला मुद्दा आहे. त्यातला निम्मा मला मान्य आहे.

आरव्हीला मी ‘सुट्टीच्या दिवसाचे खेळणे’ म्हटले, ते चुकलेच. १८० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले आरव्ही-८ सुमारे १७० नॉटने (म्हणजे ताशी १७० सागरी मैलांनी) जाते. १६० अश्वशक्तीचे १७२ जेमतेम ११० ते ११५ नॉट गाठते. आरव्हीला तासाला इंधन थोडे जास्त लागत असले, तरी २०० सागरी मैलांच्या प्रवासात ते १७२पेक्षा दोन-तीन गॅलन कमीच पिते, कारण १७२ला १७४ चौरस फुटांचे पंख, त्यांना टेकू देणारे तिरके दांडे आणि चार जणांसाठी रुंद केलेले धड, हे सगळे वाऱ्यातून ओढत न्यावे लागते.

मतभेद सुरू होतो तो चाके जमिनीला टेकल्यावर. आरव्ही-८ बहुधा टेलव्हील असते, म्हणजे तिसरे छोटे चाक १७२सारखे नाकाखाली नसून शेपटीखाली असते आणि मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. दुकानातली ट्रॉली उलटी ढकलून पाहावी. जरा वेग आला की ती गर्रकन फिरून तोंड बदलू पाहते. टेलव्हील विमानही धावपट्टीवर क्षणोक्षणी हेच करू पाहते आणि पायलटचे पाय रडरवर (शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर) ते रोखत असतात. त्या पायांना सराव लागतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या आमच्या छोट्या विमानतळावर एका एप्रिलमध्ये मी सात आठवड्यांच्या खंडानंतर डेकॅथलॉन (तेही टेलव्हीलच) उतरवले. डावीकडून जेमतेम आठ नॉटचा आडवा वारा होता. चाके टेकली आणि मी मनाने गाडीच्या किल्ल्या शोधू लागलो. उजवा पाय अर्धा सेकंद उशिरा पडला. नाक वाऱ्याकडे वळले, विमान गोल फिरले आणि उजव्या पंखाचे टोक गवतात घासून त्यावरचे कापड फाटले. इथल्या नियमानुसार प्रवासी न्यायला टेलव्हील विमानात ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि पूर्ण थांबून केलेली तीन लँडिंग पुरतात, म्हणजे मी नियमाने पात्र होतो. पण आधी वर्षाला ९० तास उडणाऱ्या माझ्या लॉगबुकात मागील बारा महिन्यांचे फक्त ३१ तास होते. विमान तेच होते. त्यामुळे केस पिकल्याचा आरोप मी नाकारत नाही, फक्त कारण तासांत शोधतो.

दुसरे कारण घरगुती आहे. डेकॅथलॉनमध्ये, तसेच आरव्ही-८मध्येही, सोबतचा माणूस मागे बसतो. “तुझी मान मला आता पाठ झाली आहे,” असे आमच्या सौ. एकदा म्हणाल्या आणि त्यानंतर हँगरकडे फिरकल्या नाहीत. १७२मध्ये त्या शेजारी बसतात, मांडीवर डबा आणि त्यावर नकाशा असतो, आणि खालची नदी कोणती यावर आमचा वाद होतो. (चार आसने म्हणजे चार माणसे नव्हेत, हेही सांगून ठेवतो, टाक्या भरल्यावर माझ्या विमानात जेमतेम ६०० पौंड उरतात, म्हणजे तीन मोठी माणसे आणि थोडे सामान.)

१७२ पाय आळशी करते, ही आपली तक्रार मात्र खरी आहे. म्हणूनच १७२ घेणाऱ्यालाही मी आधी प्रशिक्षकासोबत दहा तास टेलव्हील उडवायला सांगतो. हे मूळ लेखात यायला हवे होते. आज ते घातले आहे.

आपण आठवड्यातून दोनदा, बहुतेक एकटेच उडता, असे लिहिले आहे. तसे असेल तर आपण आरव्ही-८च घ्यावे. माझा सल्ला महिन्यातून एकदा कुटुंबासह निघणाऱ्यासाठी होता. मात्र घ्यायचे आरव्ही-८ दुसऱ्याने बांधलेले असेल, तर बांधणीच्या काळातले फोटो आणि नोंदवही आधी मागून घ्यावी, आणि वार्षिक तपासणीवर सही करण्याचा बांधणाऱ्याचा अधिकार विमानासोबत आपल्याकडे येत नाही हे ध्यानात ठेवून परवानाधारक मेकॅनिक आधीच गाठून ठेवावा.