ठमीचं गळू

"अहो ताई, ते गळू नाही. तेलाची ग्रंथी आहे ती. प्रत्येक कोंबडीला असते."

भरल्या वेटिंग रूममध्ये, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, मांडीवर मांजराची टोपली घेतलेल्या एका गृहस्थांनी मला हे ऐकवलं त्याला पंधरा दिवस झाले. पंधरा दिवस मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देतेय. परवा आंघोळ करताना एक फारच झणझणीत सुचलं. पण अंगाला साबण लावलेला, आणि गृहस्थ समोर नाहीत.

झालं होतं एवढंच, की आमची ठमी खाजवत होती. बसली की खाजवायची, उठली की खाजवायची, दाणे टिपता टिपता मध्येच थांबून शेपटीखाली चोच घालायची. मी तिला उचललं, पिसं बाजूला केली, तर शेपटीच्या मुळाशी, पाठीवर, एक पिवळसर फुगवटा आणि त्याला वर टोक. टोक आलं म्हणजे पिकलंय, एवढं वैद्यकशास्त्र मला येतं. आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी त्यावर मलम लावलं. दर वेळी ठमी मान मागे वळवून त्या टोकावर चोच दाबायची आणि मग तीच चोच अंगभर फिरवायची. मला वाटायचं, किती ठणकत असेल गं बाई.

ठणकत काही नव्हतं. ती तिथलं तेल चोचीनं घेऊन पिसांना लावत होती, कोंबड्या रोज लावतात तसं. म्हणजे आठ दिवस मी तिच्या तेलाच्या बाटलीला मलम फासत होते आणि ती माझं मलम अंगभर फासून घेत होती. हे त्या गृहस्थांनी खुलासेवार सांगितलं. हातवारे करून.

त्यांनी सुरुवात केली ती अशी.

"कोंबडी?"

"हो."

"आजारी?"

"हो."

"तुमचीच?"

लोक दुसऱ्यांच्या आजारी कोंबड्या घेऊन फिरतात की काय, कोण जाणे. मी हो म्हटलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. टोपलीतल्या बोक्यानं ठमीकडे पाहिलं, ठमीनं माझ्याकडे.

ग्रंथीचं प्रकरण आटोपल्यावर त्यांचा मोर्चा मानेकडे वळला. "मानेवरची पिसं गेलीत. बुरशी."

"पिसं टाकतेय ती. दरवर्षी टाकते. आधी डोकं-मान, मग खालचं."

"मग दरवर्षी बुरशी होत असणार."

मी ठमीच्या मानेवरचे नव्या पिसांचे कोंब दाखवले. साळिंदरासारखी दिसत होती बिचारी. ते कोंब रक्तानं भरलेले असतात, दाबले की दुखतात. त्यांनी दाबून पाहिले. ठमी किंचाळली. "बघा," ते म्हणाले, "त्रास आहे."

मग तुरा. तुऱ्यावर एक काळी खपली होती. ती त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि आवाज खाली आणून, म्हणजे फक्त निम्म्या खोलीला ऐकू जाईल इतका, म्हणाले, "देवी."

"नाही हो. शेजारणीनं टोचलंय."

"शेजारणीनं?"

"दुसऱ्या कोंबडीनं! दांडीवर शेजारी बसते ती."

पण 'देवी' हा शब्द खोलीत फिरायचा तो फिरलाच. समोरच्या बाईंनी आपला कुत्रा मांडीवर घेतला. कोंबड्यांच्या देवीचा विषाणू पक्ष्यांचा, तो डासांमधून पसरतो, खपल्या एक नव्हे अनेक येतात, आणि त्या कुत्र्याला तो होणं शक्य नाही, हे सगळं मला ठाऊक होतं. पण ज्या बाईला आपल्या कोंबडीची तेलग्रंथी ओळखता येत नाही तिचं कोण ऐकणार?

"आणि पाय बघा पाय! रॉकेल लावा."

"भाजेल ना कातडी."

"थोडं लावायचं."

"थोडी भाजेल."

"मग कुत्र्याच्या गोचिडांवर मारतात तो फवारा मारा. एका फवाऱ्यात खेळ खलास."

खेळ कोणाचा, ते सांगितलं नाही. घरी येऊन मी वाचत बसले. तसल्या अनेक फवाऱ्यांत फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असतं, आणि अंडी-मांसासाठी पाळतात त्या प्राण्यांवर ते युरोपात वापरायला बंदी आहे. २०१७ साली तिथे काही पोल्ट्र्यांमध्ये माइट, म्हणजे अंगावर जगणारे बारीक परजीवी, मारायला ते बेकायदा वापरल्याचं उघडकीला आलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. हे मी त्यांना पत्रानं कळवलं असतं. पत्ता नाही.

शेवटी मी विचारलं, "तुम्ही कोंबड्या पाळल्यात का?"

"छे! वाचन आहे."

"आणि बोक्याला काय झालंय?"

गृहस्थ एकदम गंभीर झाले. "ते डॉक्टरच सांगतील. आपण आपल्या मनानं काही ठरवू नये."

आत डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच मिनिटाला फुगवट्यावर बोट ठेवलं. "ही तेलग्रंथी. हिला काही झालेलं नाही. हे मलम कोणी लावलं?" दार उघडं होतं. बाहेरून कोणीतरी समाधानानं खाकरलं.

मग त्यांनी शेपटीखालची पिसं फुंकर मारून उघडली. पिसांच्या बुंध्याशी डिंक सांडून वाळावा तसे पांढरट गोळे, आणि उजेड पडताच वाळल्या गवताच्या रंगाचं काहीतरी सैरावैरा पळालं. उवा आणि लिखा. या उवा रक्त शोषत नाहीत, कातडीचा कोंडा नि पिसं कुरतडतात, असं त्या सांगत होत्या. तोवर माझा हात आपोआप केसांत गेला होता. "तुमच्या डोक्यात नाही राहत त्या," बाई वर न बघता म्हणाल्या. तरी मी दोन दिवस डोकं खाजवलं.

पायांचं दुखणं वेगळं निघालं. खवले जुन्या घराच्या कौलांसारखे उचकटलेले, मधे पांढरा भुगा. त्या कौलांखाली माइट राहतात, डोळ्यांना न दिसणारे. म्हणजे गृहस्थांचं पायांबद्दलचंही अर्धं बरोबरच होतं. हे लिहिताना मला त्रास होतोय.

त्याहून जास्त त्रास त्या फॉर्मचा झाला. कुत्रा, मांजर, इतर. ठमी इतर. आणि पैसे भरताना शेजारी उभ्या असलेल्यानं विचारलंच, "अंडी देते का अजून?" बोक्यानं या आठवड्यात उंदीर किती मारले, हे कोणी विचारलं नाही. कुत्र्यावर खर्च केला की माणूस प्राणिप्रेमी. कोंबडीवर केला की त्याला सगळे हिशेब शिकवतात. आजारपणातसुद्धा तिनं आधी आपली उपयुक्तता सिद्ध करायची.

उपचार असा: उवांसाठी भुकटी, शेपटीखाली आणि पंखांखाली, पार कातडीपर्यंत. लिखा तिला दाद देत नाहीत, म्हणून त्या फुटल्यावर, पंधरा दिवसांनी पुन्हा. मानेवर औषधाचे थेंब. बाईंनी सांगितले तितके दिवस अंडी फेकून द्यायची. खुराड्याच्या कोपऱ्यात धूळस्नानासाठी कोरडी माती. आणि मध्यरात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जायचं, कारण लाल माइट दिवसा फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडतात. दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवायचं, तांबडा डाग उमटला तर आहेत. मी रात्री बारा वाजता दांडी पुसत होते आणि पाच कोंबड्या एकेक डोळा उघडून माझ्याकडे बघत होत्या. फडक्यावर नुसती धूळ आली. निदान साफसफाई झाली.

पाय रोज संध्याकाळी साबणाच्या कोमट पाण्यात. मग मऊ टूथब्रशनं हलकेच, खवले न उपटता, आणि वर व्हॅसलिनचा जाड थर, म्हणजे माइट गुदमरतात. ठमीला हे इतकं आवडलं, की पाण्यात उभी राहून ती डोळे मिटायची. मी मोरीत उकिडवी, गुडघे धरलेले. माझ्या टाचांना भेगा पडून तीन वर्षं झाली. त्यांच्या नशिबी असं कोमट पाणी एकदाही आलं नाही.

आज सकाळी पुन्हा दाखवायला गेलो. खाज थांबलीय. पाय अजून खडबडीत आहेत, खवले नवे यायला महिने लागतील. वेटिंग रूममध्ये तेच गृहस्थ, तीच खुर्ची, तीच टोपली.

"काय निघालं हो शेवटी?" त्यांनी लांबूनच विचारलं. सगळ्यांनी माना वर केल्या. माझ्या काखेत ठमीनं मान मागे वळवली, टोकावर चोच दाबली आणि निवांत तेल लावायला लागली.

"गळू," मी म्हणाले.